तंबूत निघालेला रुसवा

बारामती, माघ वद्य सप्तमी, गुरुवार

आज जेवण गोड लागलं. किती दिवसांनी! नात चिमीच्या सुपारीला घाईगर्दीत मानाचा पहिला विडा नवऱ्यामुलाच्या मामाला गेला, आणि मुलाचे थोरले चुलते तात्या भरल्या पानावरून उठून कळंबला निघून गेले. तेव्हापासून लग्न अडलेलं. एका विड्यापायी!

आज बाजाराला आलेले तात्या नेमके बोलपटाच्या तंबूत माझ्या पुढ्यात बसले. रामराम घातला, तर मान फिरवली. म्हटलं, घ्या, आता पडद्याकडे बघू की यांच्या पाठीकडे? खेळ जुन्याच प्रेमकथेचा. दोन घराण्यांचं हाडवैर, थोरले आपापल्या मानाला चिकटलेले, आणि पोरं जिवाला मुकतात. गोष्ट लहानपणापासून ठाऊक, तरी शेवटी पोराच्या अंगावर पोरगी कोसळली आणि अख्खा तंबू हुंदके द्यायला लागला. तात्यांनी पटक्याचा शेव डोळ्यांना लावला तो सोडवेना. एवढा करडा माणूस!

बाहेर तेच माझ्यासाठी थांबलेले. शेव ओलाच होता.

"आबा, हळदीचा दिस काढा."

"आणि विडा?"

"मामानं खाल्ला, पचला त्याला. त्यापायी मी काय पोरांचा जीव घिऊ व्हय?"

घरी येऊन हिला आधी खेळच सांगत बसलो.

"अवं, दोघंबी मेली म्हंता आन् हसताय काय?"

मग तात्यांचं सांगितलं. ही चुलीपुढून तशीच उठली आणि हळकुंडांचं गाडगं काढून बसली.