काटकोनात नसलेला पाय

चिरंजीव जावईबापू यांस,

सासऱ्याचा आशीर्वाद. तुम्ही खुशाल असालच. दिवसभर दुसऱ्यांची हाडं जोडणाऱ्या माणसाला स्वतःची तब्येत बिघडवायला सवड कुठून मिळणार. आमची लेक बरी आहे ना? फोनवर हल्ली ती फक्त हो आणि नाही एवढंच बोलते. त्याचं कारण मी आहे हे समजण्याइतकी अक्कल पायाबरोबर मोडलेली नाही.

तर पाय. दुकानातल्या स्टुलावरून पडून माझी नडगी मोडली, तेव्हा तुम्ही हातातलं काम टाकून आलात, एक्स-रे उजेडासमोर धरलात आणि हाड तिरकं मोडलंय, आत सळई घालून स्क्रू मारावे लागतील, असं स्वच्छ सांगितलंत. मी विचार करून कळवतो म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या जुन्या डॉक्टरांकडे जाऊन मांडीपर्यंत प्लास्टर घालून घेतलं. तुमच्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी त्यांना समजावलं, की जन्मभर तसबिरींच्या चौकटी केल्या. कोपरा नीट कापला, सरस लावला आणि शिकंजा आवळून गप्प ठेवला, तर खिळ्याची गरज पडत नाही. हाडाचंही तेच. हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. (तुमच्या कानावर आलंच असेल. आपल्या नातेवाइकांत अशा गोष्टींना टपालखर्च लागत नाही.)

जुने डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी हाड ओढून सरळ बसवलं आणि बजावलं, की पाय जमिनीला टेकवायचा नाही, टेकवलात तर हाड सरकेल. मी मान डोलावली. पण शिकंज्यातली चौकट गप्प बसते, कारण तिला डोळे नसतात. मी तपासणीला गेलो, तर त्यांच्या बाहेरच्या खोलीत समोरच एक तसबीर, डोंगर आणि तळ्याची, इतकी कललेली की तळ्यातलं पाणी सांडावं. मी बराच वेळ नजर टाळली, वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. शेवटी कुणाचं लक्ष नाही असं बघून कुबड्या बाकाला टेकवल्या आणि भिंत गाठली. दोन्ही हात तसबिरीला, म्हणजे अंगाचा भार कुणावर, ते तुम्हाला सांगायला नको. तसबीर सरळ झाली. (अजून सरळ आहे, परवाच पाहून आलो.) नडगी आत काहीतरी बोलली, ते मी कुणाला सांगितलं नाही.

प्लास्टर कापलं तेव्हा गुडघा समोर बघत होता आणि पाऊल शेजाऱ्याकडे. आता मी घरातून सरळ निघतो आणि पोचतो किराणा दुकानात. गिऱ्हाईक तोंडावर काही म्हणत नाही, पण एका बाईंनी परवा चौकट घेण्याआधी ती टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून बघितले. आजवर असं कुणी केलं नव्हतं. मनाला फार लागलं. त्याहून जास्त लागतं ते हे, की त्या प्लास्टरपासून तुम्ही आमच्या घरी आला नाहीत. तुमच्या हातांवर माझा विश्वास नाही असं तुम्हाला वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. फार पस्तावलो आहे.

कळावे, लोभ उरला असेल तर असू द्यावा.

तुमचा,
वाकडा सासरा

ता. क. पाठीमागून उघडा असलेला दवाखान्याचा झगा घालून जावयासमोर झोपायचं कसं, ही लाज होतीच. पण ते निम्मंच कारण. या वयात भूल दिल्यावर माणूस परत येतोच असं नाही. मी आलो नसतो, तर माझी लेक कुणाच्या गळ्यात पडून रडली असती? तुमच्याच ना? आणि बाप तर तुमच्याच हाताखाली गेलेला. ते मला सोसण्यासारखं नव्हतं. तिला हे सांगू नका.

आणखी एक. जुने डॉक्टर म्हणतात, हाड पुन्हा मोडून सळई घालावी लागेल आणि ते काम तुम्हीच करावं. माझंही तेच म्हणणं आहे. झगा घालीन.

शेवटचं. हे पत्र टपालाने येणार नाही, तुमच्या नर्सबाई आत आणून देतील. मी बाहेर बाकावर बसलो आहे. समोरच्या भिंतीवरची तुमची तसबीर उजवीकडे बोटभर कलली आहे. मी उठलेलो नाही. तेवढं जरा लवकर बोलवा.