लावलेली खिडकी

आषाढातला रविवार, तारनाका

संध्याकाळी सहल ठरवण्यासाठी डॉमिनिका बेटावरच्या गाइडबाईंशी व्हिडिओ कॉल होता. तिथलं जंगल, तिथले सण, ढोल, सगळं जवळून बघायचंय म्हणून मी सांगत होते. तेवढ्यात खाली बोनालूची, इथल्या आषाढातल्या देवीच्या सणाची, मिरवणूक आली. मी खिडकी लावली.

"हे ढोल कसले?" बाईंनी विचारलं.

मला धड सांगताच येईना. इतकी वर्षं राहते इथे. शेजारच्या पद्माक्का दरवर्षी बोलावतात, मी दरवर्षी काहीतरी कारण काढते.

गाइडबाईंनी बघायला मागितलं, म्हणून खिडकी उघडून फोन बाहेर धरला. खाली पद्माक्काच होत्या, डोक्यावर देवीच्या नैवेद्याचं मडकं. वर बघून त्यांनी मोकळ्या हाताने 'या' म्हणून खुणावलं.

"जाऊन या, मी थांबते," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, नको, आधी तुमच्याकडचे कोणते सण बघायचे ते ठरवू. आणि पद्माक्का बघत असतानाच खिडकी लावली.