खोलून ठेवलेला क्लच

३ फेब्रुवारी १९३१
पुढच्या शुक्रवारी भंगारवाला येणार! अब्बांनी मला न विचारता ठरवलं. "सांभाळणाराच गेला, आता मोटार कशाला?" सासरे आहेत, म्हणून ऐकून घेतलं.

अब्दुलने, माझ्या नवऱ्याने, क्लच खोलला, त्याच संध्याकाळी त्याला ताप चढला. त्यातच गेला. क्लच अजून अंगणात घमेल्यात पडलाय.

मी म्हटलं, मी जोडते. रज्जाक — धाकटा दीर — पडद्याआडून हसला. "भाभी, चूल वाटली का ती?" दात काढायला काय जातं! गाडी चालवतो, पण नटाला कधी हात लावला नाही. अब्दुलला इतकी वर्षं पाने-पकडी कोण देत होतं? मीच ना!

४ फेब्रुवारी
इद्दतीत — नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस — उंबऱ्याबाहेर जायचं नाही. अंगण घरातच येतं — कोण काय बोलणार?

क्लचचं कातडं वाळून कडक झालंय. एरंडेल चोळत बसले. मागून आवाज — "कडेला लाव, कडेला." अब्दुलचाच! वळून पाहिलं. भर दुपार, कोणी नाही. कडेला लावलं.

६ फेब्रुवारी
कातडं मऊ झालं. आज आवाज नाही. जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी
स्प्रिंग दबेना. फळी टाकून वर बसले, वाकून नट फिरवला. बोट चेंगरलं. शिव्या घातल्या, अब्दुललाच. "आता जोर लाव," म्हणाला. घाबरायला हवं होतं. उलट इतकं बरं वाटलं! नट बसला.

११ फेब्रुवारी
क्लच अंगणातच उभ्या मोटारीत चढवला. पेडल जुळवलं — आधी थोडं सैल जायला हवं, मग पकड सुटायला हवी. तो सांगत होता, "अजून अर्धा आटा... बास."

मी विचारलं, "माझी आठवण येते का रे?" मोटारीपुरतंच बोलतो मेला! — जीभ चावली. मग रडले.

१३ फेब्रुवारी
रज्जाक खंडाळ्यापर्यंत जाऊन आला. चढावर क्लच जराही घसरला नाही! "भाभी, काय उचलते गाडी! मानलं तुम्हाला." अब्बांनी भंगारवाल्याला चहा पाजून परत धाडलं. उद्यापासून मोटार स्टेशनवर भाड्याला लागणार. घरात सगळे खूश.

दिवसभर कान देऊन बसले. काही नाही. पेडल उगाच दाबून पाहिलं. हाक मारली. काम संपलं तसा गेला. आता खरंच गेला.

१४ फेब्रुवारी
अब्बा आणि रज्जाक पहाटे फजरच्या नमाजला गेले. मी क्लच पुन्हा खोलला.