तपकिरी रेघेचा भावार्थ

४ फेब्रुवारी
हिने चित्रांचा क्लास लावला आणि आज घरी पहिलं चित्र काढलं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिथे टांगलं. वर निळा ढग (ढग मी म्हणतो), कोपऱ्यात पिवळा तुकडा आणि खालून आडवी गेलेली एक तपकिरी रेघ, वाकडीतिकडी. विचारलं, हे काय आहे? म्हणाली, अमूर्त आहे. म्हटलं, ते ठीक, पण आहे काय? म्हणाली, चहा घ्या.

शाळेत संदर्भासह स्पष्टीकरणात माझा हात कोणी धरू शकलं नाही. कवीला काय म्हणायचंय ते कवीच्या आधी मला कळायचं. या चित्राचा भावार्थ आठवड्याच्या आत काढणार.

७ फेब्रुवारी
दुसरं चित्र. रंग वेगळे. तपकिरी रेघ तीच. संशयास्पद.

८ फेब्रुवारी
तिसरं. रेघ आहेच. या वेळी मध्येच तुटलेली, मग एकदम उसळून वर गेलेली.
लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, अशा चित्रात अर्थ शोधायचा नसतो, नुसतं बघायचं असतं. म्हटलं, मग फरशी पुसायचं फडकंही चित्रच की! म्हणाली, असू शकतं. आईने पढवलेली दिसते.

१० फेब्रुवारी, सकाळ
क्लासच्या सरांचा फोन. केसांची शेंडी बांधणारा माणूस. फोन स्पीकरवर होता, मी मुद्दाम ऐकलं नाही. म्हणाले, काकू, ती रेघ सोडू नका, सगळ्यात जिवंत तीच आहे. ही चक्क लाजली. ऐन उमेदीत मी हिला अख्ख्या कविता चालीत म्हणून दाखवायचो, तेव्हा कधी लाजली नाही. दूध उतू जातंय, एवढंच म्हणायची.

संध्याकाळ
भावार्थ लागला. रेघ म्हणजे रस्ता! घरापासून क्लासपर्यंतचा. जाऊन पाहून आलो. एक वळण आहे, पुढे चढही आहे. जेवण गोड लागलं नाही. या वयात हिला माझ्यावाचून करमायला लागलं, तर मी कविता म्हणायच्या कुणापुढे?

११ फेब्रुवारी
ही चित्रं काढते दुपारी, जेवणानंतर. चहाच्या वेळी रंग ओले असतात. चित्र होताना पाहिलं की सगळं उघडकीस येईल. उद्या जागा राहणार. वर्तमानपत्राआडून पाळत.

१२ फेब्रुवारी
पाळत ठेवली. झोपलो नव्हतो, डोळे मिटून विचार चालला होता. तेवढ्यात चित्र पूर्ण. माझा चष्मा घडी करून टेबलावर होता. मी ठेवलेला नाही. साक्षीदाराचे डोळेच काढून घ्यायचे, असा हा प्रकार.

१३ फेब्रुवारी
जेवण निम्मं. ताठ पाठीची खुर्ची. पाचवीच्या पुस्तकातली कविता मनात म्हणत जागं राहण्याचा बेत. दुसऱ्या कडव्यापर्यंत नक्की पोचलो होतो. मानेखाली उशी कुठून आली, तपास चालू आहे.

१५ फेब्रुवारी
रविवारी क्लासचं प्रदर्शन. पाळत बंद. आता उघड सवाल, सगळ्यांसमोर. प्रश्न तयार: 'प्रस्तुत रेघेतून चित्रकर्तीला काय सूचित करावयाचे आहे?' आरशापुढे तीनदा म्हणून पाहिला. आवाज अजून खणखणीत आहे.

१८ फेब्रुवारी
प्रदर्शन. हिच्या चित्रांना वेगळी भिंत. खाली पट्टी: दुपार. गर्दी बऱ्यापैकी. प्रश्न विचारला. 'प्रस्तुत'वर जरा अडखळलो. सर म्हणाले, काकूच सांगतील.
ही म्हणाली, दुपारी हे जेवून आडवे होतात. तेवढा वेळ घर माझं. ही रेघ म्हणजे यांचं घोरणं. ते चालू असलं की माझा हात निर्धास्त चालतो. मध्येच थांबलं की जीव दचकतो, ब्रशही थांबतो. ती बघा, तिथे तुटलीय ना? मग पुन्हा सुरू झालं.
लोक हसले. शेंडीवाल्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, म्हणजे काका, ते तुम्हीच!
मी म्हटलं, मी घोरत नाही.
सगळ्यांनी एकदम चित्राकडे पाहिलं.

१९ फेब्रुवारी
दुपारी आडवा झालो. झोप नाही. एरवी बसल्याजागी लागते. पलीकडच्या खोलीत ब्रश पाण्याच्या भांड्यात वाजला, मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. ती थांबली होती. कानोसा घेत होती.
मग घोरलो. मुद्दाम, तिच्यासाठी. पहिली ओळ जमली नाही, पुढे लय सापडली. मध्ये कवितेतल्या विरामासारखा एक यतीही घेतला. ब्रश पुन्हा चालू झाल्याचं ऐकलं.
चहाच्या वेळी मोठ्या ऐटीत चित्रासमोर गेलो. निळा होता, पिवळा होता. रेघ नव्हती. विचारलं, माझी रेघ कुठाय?
म्हणाली, आज कुठे घोरलात? नुसते आवाज काढत होतात.