बुधवारची कडी

चि. धाकटीस,

ताईचा आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या नवऱ्याचा खोकला आणि तुमची ती ओल आलेली भिंत, तिन्ही सुधारले असतील असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. सासूबाई ब्याऐंशीच्या झाल्या, कमी ऐकू येतं (म्हणजे आपण जे सांगतो ते), दिवसभर विणत बसतात.

तुझं पत्र सुनेकडून वाचून घेतलं नाही, स्वतः वाचलं, म्हणून दोन दिवस लागले. बरंच झालं म्हणायचं. तू लिहितेस, तो घोरतो म्हणून बाहेरच्या खोलीत झोपतो, आणि आता आपल्या वयाला ते शोभत नाही. अगं, एकोणपन्नास हे काय वय झालं? तू शिकलेली, मी चौथीत शाळा सोडलेली, तरी ऐक. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि आमचा बुधवार चुकत नाही. बुधवारी ह्यांचं किल्ल्यांचं दुकान बंद. मुलगा कामावर, सून शिवणक्लासला, सासूबाई जेवून आडव्या. दोन ते चार आम्ही दोघं. पाळी गेल्यावर मला दुखायला लागलं, तेव्हा मी तुझ्यासारखी तोंड मिटून बसले नाही. डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्यांनी मलम दिलं आणि म्हणाल्या, घाई करू नका, काय दुखतं ते नवऱ्याला सांगा. सांगितलं! माझ्या गुडघ्यांखाली एक उशी, ह्यांच्या कमरेला एक. (सुनेला वाटतं सासऱ्यांना मणक्याचा त्रास आहे. वाटू दे.) एखाद्या बुधवारी नुसत्या गप्पा मारत पडतो, तोही बुधवारच धरतो.

आता मुलाचं लग्न झाल्यापासून घर भरलेलं, आणि आमच्या खोलीचं दार नुसतं लोटायचं. म्हणून ह्यांनी स्वतःच्या हातांनी कडी बनवली. आतून लागणारी, स्प्रिंगची, आवाज न करणारी. दार उघडं ठेवून दहा वेळा वाजवून, म्हणजे न वाजवून, दाखवली. दार बंद करून एकदाही बघितली नाही. त्या बुधवारी कडी अशी काही बसली की सुटेचना. गावभरची कुलपं उघडणारा माणूस (एकदा बँकेची तिजोरी उघडून आलाय) बनियनवर दाराशी उकिडवा, आणि अवजारं सगळी दुकानात! माझ्या वेणीचे दोन आकडे वाकवले, माझा कंगवा मोडला, वर मलाच म्हणतात, उजेड अडवू नकोस.

तेवढ्यात शिवणाच्या बाई आजारी म्हणून सून लवकर घरी. खुडबूड ऐकून बाहेरून हाका मारायला लागली. हे म्हणाले, आम्ही कपाट सरकवतोय. (आमच्या खोलीत कपाट नाही. तिला माहीत आहे.) पोरगी घाबरली, समोरच्या सुताराला घेऊन आली. तो दार तोडायला तयार, हे आतून ओरडतायत, खबरदार हात लावलास तर, दार माझं, कडी माझी! मी म्हटलं, अहो, अब्रू गेलीच आहे, निदान चहाच्या वेळेला तरी बाहेर पडू. पण नाही. इतका वेळ मी साडी नेसून, केस बांधून पलंगावर बसलेली, जशी काही स्टेशनवर गाडीची वाट बघतेय.

शेवटी सासूबाई उठल्या. सुताराला बाजूला केलं, दाराच्या फटीतून विणायची सुई घातली आणि कडी वर उचलली. झालं. उंबऱ्यातच लेकाला म्हणाल्या, "स्प्रिंग उलटी बसवलीस. तुझ्या बापानेही अशीच बसवली होती." आणि जाऊन विणायला बसल्या. सुतार हसला नाही, सून हसली नाही. मी हसले, अगदी पोट धरून.

तर सांगायचं काय, लाज सोड. त्याचं अंथरूण आत आण. घोरला तर कूस बदलायला लाव.

तुझी,
ताई

ता. क. मी हसले तेच चुकलं. त्याला तीन आठवडे झाले. हे बुधवारीही दुकान उघडून बसतात. म्हणतात, ज्याला स्वतःची कडी जमत नाही त्याने कारागीर म्हणवून घेऊ नये. वर बुधवार चुकत नाही असं लिहिलंय, ते खोडणार नाही, पण तुला खरं सांगते. तर तुझ्या नवऱ्याला म्हणावं, ह्यांना चार ओळी लिही, आमच्या खोलीला तुमच्याच हातची कडी हवी. ह्यांचा जीव परत थाऱ्यावर येईल. तुम्हालाही कडी लागेलच.

आणखी एक. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात बघितलं, हे दाराशी बसून स्प्रिंग सुलटी करतायत, आणि ह्या खेपेला दार बंद करून बघतायत. आज मंगळवार. सासूबाईंनी आत्ताच फर्मान काढलं, उद्या जेवण झालं की सुनेला (तिचा शिवणक्लास अजून बंदच आहे) घेऊन लोकर आणायला जाणार. घरात लोकरीच्या तीन पिशव्या पडल्यात.