दहा इंचांवरची माई

मंगळवार, दिवेलागण, आदिलाबाद

आज टॅब आणलाच. मंचेरियलहून माईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, व्हिडिओ कॉल आला की बाबा फोन डोळ्यांशी नेतात अन् म्हणतात, "ओळखू येत नाई." मोतीबिंदू काढला, चष्मा बदलला. उरला होता फक्त स्क्रीनचा आकार.

दुकानात साडेसहा इंची फोनशेजारी दहा इंची टॅब ठेवला. शेतात सरकीचं बी टोबताना बाबा अंतर मोजायचे तशी वीत लावली, तर नऊ इंचांची एक वीतही भरेना. हे दहा इंच कसे, म्हणून मी भांडलो. दुकानदार हसला, "भैया, स्क्रीन तिरछी नापते हैं."

घरी येताच माईला कॉल लावला. तिचं तोंड जवळजवळ वीतभर!

"आता दिसून राह्यलं का, बाबा?" मी विचारलं.

"हो ना. नाकातली चमकी दिसते, कपाळावरचा वण दिसते."

मी टाळीच वाजवली. मग बाबांनी मला हळूच विचारलं, "पण ही बाई कोण व्हय रे?"

काऊन नाई समजलं मले इतके दिवस? डोळ्यांचं नव्हतंच ते.

माईनं ऐकलं. साडेसहा इंचांवर तिचे भरलेले डोळे मला दिसले नसते.