बाबांनी आणलेला हार

बुलढाणा,
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय पुष्पे,

माह्याकडून जय भीम. तुहा रामराम पोचला असं समजते. फोनवर तू मधातच तोडते, म्हणून लिहून राह्यली.

ऑफिस बरं आहे. खोली लहान आहे, पण खिडकी आहे. आई मजेत. बाबाही बरे आहेत, जेवतात, पेपर वाचतात.

तुह्यावरचा राग गेला नाही, हे आधीच सांगते. नोकरी लागली म्हणून शाळेच्या पटांगणात माहा सत्कार, अन् तू बायांमध्ये बसून म्हणते, "मयुरीचं काय बाप्पा, कोट्यातून लागली." मी मागंच उभी होती. चार वर्षं अभ्यासिकेत एका टेबलावर बसलो आपण. तुही निवड दोन मार्कांनी हुकली, तर मलेही रडू आलं होतं. अन् तू असं बोलावं?

मंग मी माईकच घेतला. "मी ओपनच्या यादीत लागली, कोट्यातून नाही!" पर्समधली यादी काढून दाखवली. काय टाळ्या पडल्या! तूही वाजवल्या.

बाबांनी नाही वाजवल्या. माह्यासाठी आणलेला हार त्याहीनं पिशवीत ठेवला अन् चहा न घेता घरी गेले. अकरा दिवस झाले, माह्याशी बोलले नाहीत.

बाबा राखीव जागेवर मास्तर लागले, हे साऱ्या गावाले माहीत आहे. "कोट्याचा मास्तर काय शिकवीन," असं तेव्हाही लोक म्हणत. त्याच मास्तरनं सकाळी सहाले ओट्यावर बसवून आपल्या दोघींले स्कॉलरशिप मिळवून दिली. तुहे बाबा, निवृत्तीकाका, तुले सायकलवर आणून सोडत. तेव्हा कोटा आठवला नाही कोणाले! अन् मी त्याहीची पोरगी, भर सभेत डाग पुसल्यासारखी बोलली. लोकांनी त्या बोलण्यालेच टाळ्या वाजवल्या, पुष्पे.

तू चुकली, पण मी तुह्यापेक्षा जास्त चुकली. आता ऐक. राखीव जागेवर लागली असती तरी माही मान एवढीच वर राह्यली असती. तो हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. पटत नसंल तर भांड, पण तोंडावर भांड.

यादी फाडून टाकली. रविवारी गावात येऊन राह्यली. त्याच पटांगणात, सर्वांसमोर, तो सुकलेला हार बाबांच्या गळ्यात घालणार आहे. माईक देवोत का न देवोत, माहा आवाज पुरतो.

तू ये. टाळ्या तेव्हा वाजव.

राखीव जागेवर लागलेल्या जानराव मास्तरची पोरगी,
मयुरी